चित्र फुटते? आधी वायर तपासा, बॉक्स नंतर बदला

टी.व्ही.चे चित्र चौकोन चौकोन होऊन अडकू लागले की पहिला संशय सेट-टॉप बॉक्सवर जातो. दुरुस्तीवाला येतो, बॉक्स नाहीतर सगळी वायर बदलायला सांगतो आणि आपण मुकाट्याने पैसे मोजतो. दोष मात्र पुष्कळदा वायरीच्या टोकावरच्या पिनेत असतो आणि ती पिन अगदी स्वस्त मिळते.

पूर्वी सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या यायच्या, पण कार्यक्रम दिसायचा. मुंबईत २०१२ साली केबल डिजिटल झाली, नंतर इतर शहरांत. डिजिटलमध्ये सिग्नल एका मर्यादेपर्यंत घसरला तरी चित्र स्वच्छच राहते, त्याखाली गेला की एकदम तुटते. त्यामुळे दोष आज झाला असे वाटते. खरे तर तो महिनोन्‌महिने वाढत असतो.

या वायरीत मधोमध एक तार, तिच्याभोवती पांढरा थर, त्यावर पन्नी व जाळी आणि बाहेर कवच असते. तार आणि जाळी एकमेकींना कोठेही भिडता कामा नयेत. पिन बसवताना जाळीचा एखादा केस आत राहिला की शॉर्ट झालाच. म्हणून आधी पिन खोलून उजेडात पाहा. मधली तार पिनेच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर असावी. हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसली तर पाणी शिरले आहे असे समजा. तेवढा तुकडा कापून नवी पिन लावा.

मग दोष कोणत्या भागात आहे ते शोधा. आम्ही कापडवाले सगळा ताका रद्द करीत नाही, डाग कोठे आहे ते पाहतो. तसेच येथे. वायर घरात जेथून शिरते तेथे बॉक्स नेऊन थेट जोडा. तेथे चित्र चांगले असेल तर दोष घरातल्या वायरीत. तेथेही फुटत असेल तर बाहेरच्या वायरीत, डिशमध्ये किंवा बॉक्समध्येच. शेजाऱ्याच्या चालू वायरीवर तोच बॉक्स लावून पाहिला की तोही संशय फिटतो.

घरातला दोष मीटरने सापडतो. पण आधी बॉक्सची वीज बंद करा, कारण डिशच्या वायरीतून बॉक्स वर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो. वायरीला हात लावताच झिणझिण्या आल्या तर काम सोडा व इलेक्ट्रिशियनला बोलवा. वायरीची दोन्ही टोके सोडवून मधली तार आणि जाळी यांवर मीटर लावा. आवाज आला तर शॉर्ट आहे. नंतर दूरच्या टोकाला तार व जाळी तुकड्याने जोडा. आता आवाज यायलाच हवा. आला नाही तर वायर मध्ये तुटली आहे. मीटर लावलेला ठेवून वायर जागोजागी हलवून पाहा, खिळ्याखाली दबलेली जागा बहुधा तेथेच सापडते. वायरीवर लिहिलेले ७५ ओहम मात्र या मीटरवर दिसत नाहीत, ती वेगळी गोष्ट आहे. त्यावरून वायर खराब ठरवू नये.

मध्ये स्प्लिटर असेल तर तो काढून प्रत्येक तुकडा वेगळा तपासा. दोन तोंडांचा स्प्लिटर सिग्नल जवळजवळ अर्धा करतो, चार तोंडांचा पावपेक्षाही कमी ठेवतो. कोणी न वापरलेला जुना स्प्लिटर काढून टाकला की काही ठिकाणी तेवढ्यानेच काम होते.

मीटरची एक मर्यादा आहे. आत पाणी मुरलेली वायर त्यावर ठीक दिसू शकते, तरी सिग्नल खाते. गच्चीवरची वायर पावसाळ्यानंतरच त्रास देऊ लागली असेल तर ती बदलावी आणि नवी घालताना घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोका द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच गळून जाते.