गुणांची मोजपट्टी आणि १९९वा क्रमांक

अमेरिकी फुटबॉलमध्ये दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस महाविद्यालयीन खेळाडूंची व्यावसायिक संघांसाठी निवड होते. त्याआधी या खेळाडूंची क्रमवारी लावण्यासाठी एक अवाढव्य यंत्रणा वर्षभर राबत असते. ही क्रमवारी ठरते कशी आणि एवढी काळजी घेऊनही ती चुकते कशी, याचा हा वेध.

एप्रिल २०००. अमेरिकेतील ‘नॅशनल फुटबॉल लीग’ अर्थात एनएफएलच्या निवड सोहळ्यात एकामागून एक १९८ नावे पुकारली गेली, पण मिशिगन विद्यापीठाच्या एका किडकिडीत क्वार्टरबॅकचे नाव काही येत नव्हते. त्याआधीच्या शारीरिक चाचणीत ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर अंतर धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले होते. अंगकाठी बेताची, वेग त्याहून बेताचा. त्याच्या जागेवर खेळणारे सहा जण आधीच निवडले गेले होते. अखेर सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर ‘न्यू इंग्लंड पेट्रियट्स’ने त्याला घेतले. त्याचे नाव टॉम ब्रेडी. पुढे त्याने सात वेळा ‘सुपर बोल’ हे अजिंक्यपद पटकावले. या खेळाच्या इतिहासात तेवढी विजेतेपदे अन्य कोणत्याही खेळाडूच्या नावावर नाहीत.

ब्रेडीची उंची, वजन आणि वेग मोजण्यात कोणाचीही चूक झाली नव्हती. घड्याळ बरोबर होते, वजनकाटाही बरोबर होता. जे मोजले त्यावरून जो निष्कर्ष काढला, तो मात्र साफ चुकला. महाविद्यालयीन खेळाडूंच्या क्रमवारीचे सारे मर्म या एका उदाहरणात सामावले आहे.

तळाच्या संघाला पहिला मान

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्याहून हा खेळ वेगळा. लांबट चेंडू हातात धरून वा फेकून प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत न्यायचा, असे त्याचे ढोबळ स्वरूप. युरोपातील फुटबॉल क्लब कोवळ्या वयातील मुलांना आपल्या प्रबोधिनीत घडवतात. अमेरिकेत ते काम विद्यापीठे करतात. शालेय शिक्षण संपून किमान तीन वर्षे झाल्याखेरीज कोणालाही एनएफएलचे दार उघडत नाही. त्यामुळे दरवर्षी विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या हजारो खेळाडूंतून अडीचशेच्या आसपास खेळाडू ३२ संघांनी वाटून घ्यायचे असतात. २०२५ मध्ये सात फेऱ्यांत मिळून २५७ जणांची निवड झाली.

या वाटपाचा नियम विलक्षण आहे. आधीच्या हंगामात जो संघ सर्वांत तळाला, त्याला निवडीचा पहिला मान आणि जो अजिंक्य, त्याला प्रत्येक फेरीत शेवटचा. आयपीएलच्या लिलावात ज्याची थैली जड त्याची बोली मोठी. इथे बोली नाही आणि खेळाडूला पसंतीही नाही. ज्या संघाने नाव पुकारले, त्या संघाशीच त्याने करार करायचा.

ही कल्पना बर्ट बेल यांची. ‘फिलाडेल्फिया ईगल्स’चे ते मालक. त्यांचा संघ तळाला होता आणि चांगले खेळाडू श्रीमंत व यशस्वी संघांकडेच ओढले जात होते. १९३५ मध्ये त्यांनी मांडलेला प्रस्ताव अन्य मालकांनी मान्य केला आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलात पहिली निवड पार पडली. फळ्यावर ९० नावे लिहिलेली, नऊ संघ आणि नऊ फेऱ्या. तेव्हा खेळाडूंची माहिती म्हणजे वर्तमानपत्रांतील वृत्तांत आणि ऐकीव गोष्टी. पहिला मान मिळालेला शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. म्हणजे या क्रमवारीचा पहिला अंदाजच फसला, असे म्हणायला हरकत नाही.

अलीगढहून डॅलसला

ऐकीव माहितीकडून पद्धतशीर मूल्यमापनाकडे झालेल्या प्रवासात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. १९६०च्या दशकात ‘डॅलस काउबॉइज’चे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांना संगणकाच्या साह्याने खेळाडू पारखण्याची कल्पना सुचली. हे काम आयबीएमशी संबंधित कंपनीतील सलाम कुरेशी या अलीगढच्या संख्याशास्त्रज्ञाकडे आले. कुरेशी यांना अमेरिकी फुटबॉलचा गंधही नव्हता. मात्र तीच त्यांची जमेची बाजू ठरली. प्रत्येक पारखी आपापल्या भाषेत खेळाडूचे वर्णन करीत असे. एकाचा ‘उत्तम’ तो दुसऱ्याचा ‘बरा’. कुरेशी यांनी सर्वांना एकसारखे प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे अंकांत घेतली. चारित्र्य, चपळाई व शरीरावरील ताबा, जिगर, बौद्धिक तल्लखता आणि ताकद अशा पाच अमूर्त गुणांना त्यांनी मोजता येईल असे रूप दिले. कोणता पारखी नेहमीच सढळ हाताने गुण देतो आणि कोणता हात आखडता घेतो, हेही त्यातून उमगू लागले. आज सर्वच संघांकडे अंकांत गुण देण्याची पद्धत आहे. तिची पायाभरणी त्या काळात झाली.

फळा कसा भरतो?

क्रमवारीचे काम एप्रिलच्या कितीतरी आधी सुरू होते. संघांचे पारखी हंगामभर विद्यापीठांतून हिंडतात, सराव पाहतात आणि प्रशिक्षकांशी बोलतात. सर्वाधिक भर असतो तो सामन्यांच्या चित्रफितींवर. एकेक चाल पुन:पुन्हा पाहून खेळाडूचे पाय कसे पडतात, दडपणाखाली तो काय करतो, चेंडू आपल्याकडे नसताना तो किती राबतो, याच्या नोंदी केल्या जातात. हंगामानंतर अलाबामातील मोबिल येथे ‘सीनियर बोल’ हा निवडक खेळाडूंचा सामना होतो. जाणकारांच्या दृष्टीने मात्र सामन्यापेक्षा त्याआधीचा आठवडाभराचा सरावच अधिक मोलाचा असतो.

त्यानंतर येते ‘कम्बाइन’. १९८७ पासून इंडियानापोलिस येथे होणाऱ्या या मेळाव्याला तीनशेहून अधिक खेळाडूंना बोलावणे असते. ४० यार्डांची धाव, जागेवरून उंच उडी, लांब उडी, २२५ पौंडांचे, म्हणजे सुमारे १०२ किलोंचे वजन किती वेळा उचलता येते, वळणे घेत पळण्याच्या चाचण्या, असा सारा जामानिमा. दूरचित्रवाणीवर झळकतात त्या या चाचण्या. संघांच्या लेखी मात्र वैद्यकीय तपासणी आणि बंद दाराआडच्या मुलाखती यांचे वजन त्याहून जास्त. गुडघ्याच्या एका जुन्या दुखापतीमुळे खेळाडूचे नाव यादीत कितीतरी खाली घसरू शकते. १२ मिनिटांत ५० प्रश्न सोडवायची ‘वंडरलिक’ ही बुद्धिचाचणी पूर्वी इथे अनिवार्य होती, ती २०२२ पासून बंद झाली.

या साऱ्या माहितीतून प्रत्येक संघ आपला ‘फळा’ तयार करतो. त्यावर उभ्या रांगेत एकाच जागेवर खेळणाऱ्यांची आपसांतली क्रमवारी असते, तर आडव्या रांगेत निरनिराळ्या जागांवरील पण समान गुण मिळालेले खेळाडू असतात. खरी परीक्षा आडव्या रांगेची. अप्रतिम बचावपटू आणि बऱ्यापैकी क्वार्टरबॅक यांत वरचा कोण? क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू. त्यामुळे त्या जागेची निकड असलेला संघ गुणांकडे काणाडोळा करून त्याला वर ओढतो. ‘सर्वोत्तम खेळाडू घ्यावा की गरजेचा’ हा या क्षेत्रातला सनातन वाद आहे.

भारतीय वाचकाला हा वाद अपरिचित नाही. २००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्या हंगामासाठी १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघातील खेळाडूंची अशीच ‘ड्राफ्ट’ पद्धतीने वाटणी झाली होती. दिल्लीच्या संघाकडे फलंदाज भरपूर होते, म्हणून त्यांनी प्रदीप सांगवान या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाला पसंती दिली. दिल्लीचाच एक फलंदाज त्यामुळे बंगळुरूच्या वाट्याला गेला. तो विराट कोहली. दिल्लीचा विचार तर्काला धरून होता. तरीही त्याची किंमत पुढे वर्षानुवर्षे मोजावी लागली.

अंदाज का चुकतात?

पहिले कारण म्हणजे मोजता येते तेच महत्त्वाचे वाटू लागते. २०१७ मध्ये जॉन रॉसने ४० यार्ड ४.२२ सेकंदांत पार करून तेव्हाचा विक्रम केला आणि ‘सिनसिनाटी बेंगल्स’ने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. पण दुखापतींनी आणि अनियमित खेळाने त्याची कारकीर्द कोमेजून गेली. याउलट २०१८ मध्ये ऑर्लँडो ब्राउन या धिप्पाड खेळाडूची कम्बाइनमधील कामगिरी इतकी निराशाजनक ठरली, की तो तिसऱ्या फेरीपर्यंत घसरला. पुढे तो देशातील नामवंत बचावफळी-भेदकांना थोपवणारा खेळाडू ठरला. सरळ रेषेत ४० यार्ड धावण्याची वेळ त्याच्या कामात क्वचितच येते.

दुसरे कारण पूर्वग्रह. कृष्णवर्णीय खेळाडू क्वार्टरबॅकच्या बौद्धिक जबाबदारीस योग्य नाहीत, हा समज अमेरिकेत दीर्घकाळ रुजला होता. १९७८ मध्ये वॉरन मूनला एकाही संघाने निवडले नाही. तो कॅनडात गेला, तिथे विजेतेपदे मिळवून परतला आणि २००६ मध्ये त्याला ‘हॉल ऑफ फेम’चा सन्मान लाभला. लमार जॅक्सनने २०१८ मध्ये क्वार्टरबॅकऐवजी चेंडू झेलणाऱ्याच्या जागेवर खेळावे, असा सल्ला जाणकार म्हणवणारेच देत होते. ३२व्या क्रमांकावर निवडला गेलेला हा खेळाडू २०१९ आणि २०२३ या हंगामांत लीगमधील सर्वाधिक मौल्यवान ठरला.

तिसरे कारण आत्मविश्वासाचा अतिरेक. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग श्रेष्ठ की रायन लीफ, यावर तज्ज्ञांत हिरिरीने वाद झाले. ‘इंडियानापोलिस कोल्ट्स’ने मॅनिंगला पहिल्या क्रमांकावर घेतले. लीफ हाती लागावा म्हणून ‘सॅन दिएगो चार्जर्स’ने तिसऱ्या स्थानावरून दुसऱ्यावर येण्यासाठी आपल्या अन्य निवडी आणि दोन खेळाडूही देऊन टाकले. मॅनिंग पुढे पाच वेळा सर्वाधिक मौल्यवान खेळाडू ठरला. लीफला चार्जर्सनी तीन हंगामांनंतर सोडून दिले.

अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी केड मॅसी यांच्यासह या प्रकाराचा अभ्यास केला. थेलर यांना पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळाले. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याचे प्रमाण जेमतेम ५२ टक्के असल्याचे त्यांना आढळले. नाणेफेकीहून किंचित बरे, एवढेच. वरच्या क्रमांकासाठी संघ अवाच्या सवा किंमत मोजतात, असा त्यांचा निष्कर्ष. १९९०च्या दशकाच्या आरंभी डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात तयार झालेल्या प्रसिद्ध कोष्टकात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, दहाव्याला १३०० आणि बत्तिसाव्याला अवघे ५९० गुण होते. खेळाडूंच्या गुणवत्तेतील फरक एवढा तीव्र उताराचा नसतो.

क्रमांकावर तोललेले आयुष्य

संघ चुकला तर पुढच्या वर्षी पुन्हा निवड करता येते. खेळाडूला ती सोय नाही. त्याच्या पहिल्या कराराची रक्कम जवळपास सर्वस्वी क्रमांकावर ठरते. २०१० मध्ये पहिल्या आलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. नव्या खेळाडूंच्या मानधनावर मर्यादा आली आणि २०११ मध्ये पहिल्या आलेल्या कॅम न्यूटनचा करार सुमारे २ कोटी २० लाखांवर आला. उतरंडीच्या दुसऱ्या टोकाला २०२२ मध्ये सर्वांत शेवटी, २६२व्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या ब्रॉक पर्डीचा चार वर्षांचा करार ४० लाख डॉलरहूनही कमी होता. हाडे मोडणाऱ्या या खेळात दुसरा करार पदरी पडेलच याची शाश्वती नसते. म्हणून काही क्रमांकांची घसरणही घरादाराच्या भवितव्याचा प्रश्न होऊन बसते.

त्यात प्रसारमाध्यमांची भर. १९८० पासून हा सोहळा दूरचित्रवाणीवर दाखवला जाऊ लागला आणि मेल कायपर यांच्यासारखे विश्लेषक घराघरांत पोहोचले. त्यांच्या याद्या दोन प्रकारच्या असतात. एक गुणवत्तेची क्रमवारी, दुसरी कोणता संघ कोणाला घेईल याचे भाकीत. प्रेक्षक या दोहोंत गल्लत करतात आणि भाकिताला निकाल समजतात. २०२५ मध्ये शेडूर सँडर्स पहिल्या फेरीत निवडला जाईल, असे अनेकांनी छातीठोकपणे सांगितले होते. प्रत्यक्षात तो पाचव्या फेरीत, १४४व्या क्रमांकावर गेला आणि त्याची प्रतीक्षा साऱ्या देशाने पाहिली.

सर्वांत शेवटी निवडल्या जाणाऱ्या खेळाडूला १९७६ पासून ‘मिस्टर इररेलेव्हंट’, म्हणजे ‘दखल घेण्याजोगा नसलेला गृहस्थ’, असे गमतीने म्हटले जाते. पर्डीलाही ते बिरुद चिकटले. वरचे दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाल्याने पहिल्याच हंगामात त्याला संधी मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने ‘सॅन फ्रान्सिस्को’ संघाला ‘सुपर बोल’पर्यंत नेले आणि मे २०२५ मध्ये २६ कोटी ५० लाख डॉलरचा पाच वर्षांचा करार केला. वरच्या दोघांपैकी एक जरी धडधाकट राहिला असता, तर त्याची पारख तेव्हा तरी झाली नसती. क्रमवारीमुळे खेळाडूला दारापर्यंत जाता येते. पण दार उघडणे न उघडणे संधीच्या हाती असते. आणि संधी कोणाला किती द्यायची, हे ठरवताना संघ पुन्हा त्याच क्रमवारीकडे पाहतात. फळ्यावरचा अंक पुसला गेला तरी खेळाडूच्या पाठीवर तो बराच काळ राहतो, तो असा.