सर्व्हरची पेटी आणि तिचा वीजपुरवठा : निवड कशी करावी?

व्यापाऱ्याची पत त्याच्या वहीत असते, हे आमच्या व्यापारी बंधूंना नव्याने सांगावयास नको. पूर्वी रोजकीर्द व खतावणी लाल बांधणीच्या वह्यांत असत. आता बहुतेक पेढ्यांत त्या संगणकात गेल्या आहेत. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. त्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्यास आपली हिशेबाची पुस्तके, त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. तेव्हा ज्या यंत्रात हे हिशेब राहणार, ते यंत्र किती टिकेल हा प्रश्न गौण नव्हे.

एकाच संगणकावर काम भागते त्या पेढीस सर्व्हरची आवश्यकता नाही. परंतु काट्यावरील नोंद, आडतीचा हिशेब व कराची बिले चार-पाच ठिकाणांहून एकाच खात्यात पडू लागली, म्हणजे सर्व्हर घ्यावा लागतो. खरेदीच्या वेळी प्रोसेसर कोणता व मेमरी किती, एवढीच चौकशी होते. पेटी, म्हणजे कॅबिनेट, व एसएमपीएस विक्रेता देईल ते घेतले जाते. रामाकोन्यासारख्या गावी पेढीला लागूनच वखार, उन्हाळा कडक आणि सुटा भाग नागपूर किंवा छिंदवाड्याहून आणावयाचा. येथे हा क्रम उलट असावा, असे आमचे मत आहे. आधी जागा व वीज पाहावी, त्यांवरून पेटी व पुरवठा ठरवावा, आणि प्रोसेसर शेवटी.

प्रथम पेटीची मापे. रॅकमध्ये बसणाऱ्या पेटीची दर्शनी रुंदी १९ इंच ठरलेली असते. उंची ‘यू’ या मापात मोजतात. १ यू म्हणजे पावणेदोन इंच, अर्थात ४४.४५ मिलिमीटर. १ यू पेटीत साधारणतः ४० मिलिमीटरचेच पंखे मावतात. पुरेशी हवा ओढण्यासाठी ते अतिवेगाने फिरतात व त्यांचा आवाज एवढा होतो, की दिवाणजींना शेजारी बसून बेरीज करणे अशक्य व्हावे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने घडविलेल्या ‘रुद्र’ सर्व्हरांवर उभारलेले परम रुद्र महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रास अर्पण झाले. अशा मोठ्या कामी शेकडो यंत्रे एका थंड केलेल्या खोलीत राहतात. तेथे जागेची काटकसर योग्यच. आमच्या पेढीत मात्र ४ यू पेटी बरी. तिच्यात १२० मिलिमीटरचे पंखे बसतात आणि तेवढीच हवा ते संथपणे वाहतात.

शहरातून जुने १ यू सर्व्हर स्वस्तात मिळतात. त्यांचा मोह आवरावा. त्यांचे एसएमपीएस बहुधा त्या त्या कंपनीच्या खास आकाराचे असतात व बिघडल्यास सहजी मिळत नाहीत. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद व ८६ मिलिमीटर उंच असतो. तो १ यू पेटीत मावणारच नाही; ४ यू पेटीत सुखाने बसतो आणि कोणत्याही संगणकाच्या दुकानी बदलून मिळतो.

खोलीही मोजावी. भिंतीवरील लहान रॅक ४५० वा ६०० मिलिमीटर खोल असतात, तर पुष्कळ पेट्या ६५० मिलिमीटरहून लांब असतात. मागे तारांसाठी आणखी १०० मिलिमीटर सोडावेत.

धान्याची धूळ हा या यंत्राचा मोठा वैरी होय. हवा पुढून आत येऊन मागून बाहेर जाते. म्हणून दर्शनी बाजूस काढून धुता येईल अशी जाळी असावी. ती पंधरवड्यातून एकदा व हंगामात आठवड्यास धुवावी. मागील रिकाम्या फटींना पत्र्याच्या पट्ट्या लावाव्यात, म्हणजे उंदरांनाही वाट राहत नाही.

आता वीजपुरवठा. येथे अंदाज नको, बेरीज करावी. प्रोसेसर ९० वॅट, बोर्ड, मेमरी व पंखे ५०, चार डिस्का चालू असता प्रत्येकी ८ प्रमाणे ३२, एकूण १७२. परंतु सुरू होताना प्रत्येक डिस्क सुमारे २५ वॅट ओढते, म्हणून क्षणभर भार २४० पर्यंत जातो. त्यास ४०० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरतो. पेटीवर छापलेला मोठा आकडा हा बारदानासह केलेल्या वजनासारखा समजावा. खरे वजन १२ व्होल्टच्या रकान्यात पाहावे. तेथे ३२ अँपिअर असतील तर ३८४ वॅट मिळतात.

२००४ साली सुरू झालेल्या ‘८० प्लस’ योजनेत एसएमपीएसची कार्यक्षमता तपासून कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा श्रेण्या देतात. २३० व्होल्टवर, अर्ध्या भारास, सुवर्ण श्रेणीस ९२ टक्के आवश्यक असतात. हिशेबासाठी आपण ९० धरू. सतत १५० वॅट भार असता ८० टक्क्यांचा एसएमपीएस सुमारे १८८ वॅट घेतो व ९० टक्क्यांचा १६७. वर्षाच्या ८,७६० तासांत हा फरक सुमारे १८२ युनिटांचा होतो. आठ रुपये दराने जवळजवळ १,४६० रुपये. शिवाय वाया गेलेली वीज उष्णता होऊन पेटीतच राहते.

दुहेरी एसएमपीएस घेतल्यास त्यांतील प्रत्येकाने एकट्याने पूर्ण भार उचलला पाहिजे. दोन्ही तारा एकाच यूपीएसला जोडल्या, तर यूपीएस बिघडताच दोन्ही निकामी. यूपीएसवरील ‘१००० व्हीए’ म्हणजे १००० वॅट नव्हेत; पॉवर फॅक्टर ०.६ असेल तर ६०० च. वीज जाताच एसएमपीएस सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. त्याआत यूपीएसने भार घेतला पाहिजे. साध्या घरगुती इन्व्हर्टरवर हा भरवसा ठेवू नये. बॅटरी संपण्यापूर्वी सर्व्हर आपोआप नीट बंद व्हावा, अशी जोडणीही करून घ्यावी. अर्थिंग तपासून घेण्यास विसरू नये.

इतके करूनही यंत्र ते यंत्रच. म्हणून रोजच्या हिशेबाची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी. उत्तम पेटी व निर्दोष पुरवठा यंत्राचे आयुष्य वाढवितात. वहीचे रक्षण मात्र दुसरी प्रतच करते.