घाबरलेलं सरकार, दुखावलेला समाज आणि आपलं बोलणं

चिंचवडमध्ये भाषणस्वातंत्र्यावर बोलायचं तर उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. चापेकर चौक आपल्या रोजच्या वाटेवर आहे. प्लेग, रँड, चापेकर बंधू, फाशी, एवढी गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आज आम्ही त्या गोष्टीचा पुढचा भाग सांगणार आहोत, जो सहसा सांगितला जात नाही: त्या गोळ्यांनंतर सरकारने कायद्यात काय बदललं. रँड गेला, चापेकर गेले, ते राज्यही गेलं. त्या घाबरलेल्या महिन्यांत लिहिलेले शब्द मात्र आजही आपल्या कायद्यात नांदताहेत.

आधी घटनाक्रम थोडक्यात. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सोजिरांना घराघरांत घुसवलं, लोक चिडले. २२ जून १८९७ ला राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसमधून (म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतून) परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

आता बघा, मारेकरी कोण हे सरकारला ठाऊक नव्हतं. दामोदर चापेकरांचा कबुलीजबाब झाला तो ऑक्टोबरात. मग मधल्या काळात सरकारने काय केलं? पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांच्याच माथी मारला. नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली उचललं, ना आरोप ना खटला. आणि २७ जुलैला टिळकांना अटक केली. टिळकांवर खुनाचा आरोप नव्हताच. आरोप होता १५ जूनच्या ‘केसरी’त छापलेल्या मजकुराचा, शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा आणि एका कवितेचा. इस्लामपूरच्या ‘प्रतोद’सारख्या लहान पत्रावरही त्याच वर्षी खटला झाला. गुन्हेगार सापडत नाही तेव्हा घाबरलेली सत्ता वातावरणाला आरोपी करते. वातावरण सापडायला सोपं, ते छापलेलं असतं.

टिळकांचा खटला मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. कलम १२४अ, राजद्रोह. हे कलम मूळच्या १८६० च्या दंडसंहितेत नव्हतं, १८७० मध्ये घातलं गेलं. त्यातला कळीचा शब्द मराठीत आपण ‘अप्रीती’ असा करतो. स्ट्रॅचींनी ज्यूरीला समजावलं की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. द्वेष, वैर, नावड, तुच्छता, सरकारविषयीची कुठलीही वाईट भावना त्यात येते. दंगा झाला पाहिजे असं नाही, दंग्याची चिथावणी असली पाहिजे असंही नाही. ज्यूरीत नऊ जण होते. सहा युरोपीय म्हणाले दोषी, तिघे हिंदी म्हणाले निर्दोष. १४ सप्टेंबर १८९७ ला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना या ‘प्रीतीच्या अभावा’पाशी थांबावंसं वाटतं. चोरी म्हटलं की काय घडलं ते दाखवता येतं. मारहाण म्हटलं की जखम दाखवता येते. पण एखाद्या लेखाने वाचकाच्या मनातली प्रीती कमी झाली, हे कसं दाखवणार? कुठल्या वाचकाच्या, आणि किती? भावनेला फूटपट्टी नाही. आणि ज्याला फूटपट्टी नाही ते मोजायचं ठरलं, की मोजणाऱ्याची मनःस्थिती हेच माप होऊन बसतं. तेव्हा मोजणारा घाबरलेला होता. ज्यूरीतली ती सहा-तीनची फाळणी नीट पाहा: मजकूर एकच, पण वाचणाऱ्याची भीती वेगवेगळी.

पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने हा अर्थ कायद्यातच पक्का केला. अप्रीतीत बेइमानी आणि शत्रुत्वाच्या सर्व भावना येतात, असं स्पष्टीकरण १२४अ ला जोडलं. आणि त्याच दुरुस्तीत एक नवं कलम आलं, १५३अ: प्रजेच्या निरनिराळ्या वर्गांमध्ये शत्रुत्वाची किंवा द्वेषाची भावना वाढवणं. राजद्रोहाच्या कलमाची चर्चा खूप होते. आमच्या मते दूरवर पोचलं ते हे दुसरं, धाकटं भावंड.

हे कलम निव्वळ कावा होता, असं म्हणून मोकळं होणं योग्य नाही. मुंबईत १८९३ मध्ये हिंदू-मुसलमान दंगा झाला होता, माणसं मेली होती. आणि भेद काही फक्त धर्माचे नव्हते. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरवू देणार नाही म्हणून विरोधकांनी रान उठवलं. शेवटी रानड्यांनी परिषद दुसरीकडे नेली. त्यात इंग्रज सरकारचा काय संबंध? धमकी आपल्याच माणसांची, माघार आपल्याच माणसाची. तेव्हा समाजाच्या धाकाने होणारी बोलबंदी ही काही आजची फॅशन नाही.

मग अडचण कुठे आहे? ती कलमाच्या यंत्रणेत आहे, आणि ती वकिलांनाच ठाऊक असते म्हणून जरा सविस्तर सांगतो. १५३अ, आताच्या भारतीय न्याय संहितेतलं १९६, हा दखलपात्र गुन्हा आहे. म्हणजे तक्रार आली की पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. पण न्यायालयाला खटल्याची दखल घ्यायची तर सरकारची पूर्वमंजुरी लागते. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघा. अटकेला मंजुरी लागत नाही, निकालाकडे जायला लागते. अटक, जामिनासाठी धावपळ, मोबाइल जप्त, गावभर नाव, हे सगळं आधीच होऊन जातं. आणि पुढे कोणाचा खटला चालवायचा आणि कोणाचा धूळ खात ठेवायचा, हे सरकार ठरवतं. कुठल्याही पक्षाचं असो. दुभंगलेल्या समाजात सरकारला दुखावलेल्यांची निवड करता येते. आणि निवड होते हे कळलं की प्रत्येक गट आपण जास्त दुखावलो हे दाखवायच्या शर्यतीत उतरतो. शत्रुत्व कमी करायला आणलेलं कलम शत्रुत्वाला बक्षीस देऊ लागतं.

न्यायालयांनी याला लगाम घातलेला आहे, तेही सांगितलं पाहिजे. नागपूरच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर एक कसोटी सांगितली: शब्दांचा परिणाम जोखताना समंजस, खंबीर, धीट माणूस डोळ्यांपुढे ठेवा, दर विरोधी मतात धोका हुंगणारा डळमळीत माणूस ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने पुढे ‘तमस’ मालिकेच्या प्रकरणात हीच कसोटी उचलली. गोपाळ गोडसे यांचं ‘गांधीहत्या आणि मी’ १९६७ मध्ये सरकारजमा झालं, ते १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मोकळं केलं. लेखक गांधीहत्येच्या कटात शिक्षा भोगून आलेला, पुस्तक आम्हाला मुळीच न पटणारं. पण पुस्तकाने दोन समाजांत द्वेष पसरतो हे सरकारला दाखवता आलं नाही.

जेम्स लेन प्रकरण तर पुण्यातलंच. शिवाजी महाराजांवरच्या त्यांच्या पुस्तकातल्या मजकुरावरून संताप झाला, तो संताप आम्हालाही समजतो. प्रकाशकाने नोव्हेंबर २००३ मध्येच पुस्तक मागे घेतलं होतं. तरी ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, पोथ्यांची आणि ग्रंथांची नासधूस झाली. लेखक-प्रकाशकांवर १५३अ लागलं, पुस्तकावर बंदी आली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. कारण ऐकण्यासारखं आहे: कुठल्या दोन समाजांत शत्रुत्व वाढतंय, हेच सरकारच्या अधिसूचनेत नव्हतं. साडेसहा वर्षांनी पुस्तक कायद्याने मोकळं झालं. दुकानात मात्र ते कोणी ठेवेना. बोस यांच्या कसोटीतला धीट माणूस न्यायालयात भेटला, पुस्तकाच्या दुकानात भेटला नाही.

श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे: ‘मग कोणी वस्तीत येऊन एका समाजाला मारा-झोडा म्हटलं, तर ते स्वातंत्र्य का?’ नाही. इथे मिलचं उदाहरण उपयोगी पडतं. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे वर्तमानपत्रात छापायला हरकत नाही. पण व्यापाऱ्याच्या दारात खवळलेला जमाव उभा असताना तेच वाक्य ओरडणं शिक्षेला पात्र ठरू शकतं. (हेच मिलसाहेब ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर होते आणि त्यांच्या स्वातंत्र्यात आपण बसत नव्हतो, हेही लक्षात असू द्या.) शब्द तेच, बदललं ते दार, जमाव आणि लगेच घडू शकणारी इजा. या तीन गोष्टी साक्षीपुराव्याने दाखवता येतात. अप्रीती दाखवता येत नाही. १९६२ मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२४अ ला हिंसेच्या चिथावणीपुरतं आवळलं, ते याच दिशेने. मे २०२२ मध्ये ते कलम स्थगित झालं आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते त्या नावाने नाही. पण त्याच्या जागेवरचं कलम १५२ वाचा. अलगतावादी कारवायांच्या ‘भावनां’ना उत्तेजन देणं तिथे आहे. तो शब्द परत आलाच.

दुसरी चिठ्ठी महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकाबद्दल आहे. जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. त्याआधी संयुक्त समितीकडे १२ हजारांवर सूचना आल्या, आणि समितीने शब्द बदलले, हे चांगलंच झालं. ‘व्यक्ती आणि संघटना’ होतं, तिथे कडव्या डाव्या विचारसरणीच्या ‘किंवा तत्सम’ संघटना असं आलं. सल्लागार मंडळाचीही तरतूद आहे. समर्थक म्हणतात, नक्षलवादाची भीती खरी आहे. गडचिरोलीत ती खरी होती, यात वाद नाही. १८९७ मध्ये रँडचा खूनही खराच होता. आमचा प्रश्न ‘तत्सम’ या एका शब्दाला आहे. कशाशी सम, किती सम, आणि ते ठरवताना दाखवायचं काय? हे विचारायला वकील असण्याची गरज नाही, विधेयक शेवटपर्यंत वाचलेलं असावं लागतं.

पुढची चिठ्ठी द्या.