वाकणारं वार्निश

आष्टीत रब्बीची पाळी सुरू झाली की रिवाइंडिंगच्या दुकानात जळालेल्या मोटरी येऊन पडायला लागतात. शेतीची लाइन आली की एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, साऱ्या मोटरी एकदम सुरू होतात. व्होल्टेज उतरतं, मोटर जादा अँपिअर ओढते, तापते. एखादा फेज गेला तर जळायला फार वेळही लागत नाही. विहिरीत पाणी मोजकंच, ज्वारी-कांदा उभा, म्हणून मालक दुकानातून हलत नाही.

मिस्त्री जुनी कॉइल कापून बाहेर ओढतात. काळी पडलेली असते, पण खरवडली की आत तांबं तसंच लखलखीत. जळतं ते तांब्यावरचं इनॅमल, मिलिमीटरच्या काही शतांश जाडीचं. वेढ्याला वेढा चिकटलेला असतो. मधला हा पापुद्रा गेला की मोटर शॉर्ट.

नव्या वायरचं रीळ फोडल्यावर मिस्त्री आधी एक तुकडा तोडतात. थोडा ताणतात, त्याच वायरवर घट्ट गुंडाळतात आणि उजेडात धरून फिरवतात. इनॅमलला बारीकशी चीर दिसली तरी रीळ बाजूला. कारण मोटरीतल्या स्लॉटच्या तोंडाशी वायर अशीच मुरडते, वर बांबूच्या पट्टीने दाबली जाते. कोटिंग नुसतं कडक असून भागत नाही, ते तांब्याबरोबर वाकलं पाहिजे. या धंद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटते.

ती माणसाला सहज गवसलेली नाही. 1831 मध्ये फॅरेडेने आपल्या लोखंडी कड्यावर तार गुंडाळली तेव्हा वेढ्यांमध्ये सुती कापड आणि सुतळी घातली होती. पुढे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख आली. लाख वीज उत्तम अडवते, पण वाळली की काचेसारखी तडकते. म्हणून तिच्यात एरंडेल घालत. एरंडेल वाळत नाही. लाखेच्या रेणूंमध्ये राहून त्यांना सरकायला जागा देतं. मात्र उष्णतेने ते हळूहळू बाहेर येतं आणि लाख पुन्हा ठिसूळ होते. आजच्या पॉलिएस्टर इनॅमलचा लवचीकपणा वरून घातलेल्या तेलाचा नाही, रेझिनच्या लांब साखळीतच तो असतो, म्हणून टिकतो. त्यालाही मर्यादा आहेच: सोसण्याच्या तापमानापेक्षा दर दहा अंश जास्त उष्णतेला इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

कॉइल भरून झाल्या, दोऱ्याने बांधल्या की वार्निश. आधी स्टेटरमध्ये मोठा बल्ब लावून ओल घालवायची, मग गरम असतानाच वरून पातळ धार सोडायची, खालून गळेपर्यंत. पन्नास सायकलच्या विजेवर कॉइलींना सेकंदाला शंभर हिसके बसतात; वार्निशने त्या जागच्या जागी धरल्या नाहीत तर वेढे एकमेकांवर घासून इनॅमल सोलवटतं. जाड थर एकदम ओतला की वरून साय धरते आणि आत कच्चं राहतं.

मालक विचारतो, "मिस्त्री, आज रात्रीच्या लाइनीला बसंल का?"

मिस्त्री बोट लावून बघतात. "वरून वाळलंय, आतून नाही. सकाळी या. मेगर लावून इन्सुलेशन तपासल्याशिवाय देणार नाही."

बल्ब रात्रभर तसाच चालू ठेवतात.