जुन्या स्पोर्ट्स कारची हिवाळी साठवण : ‘एमजीबी’ मोटारीच्या संदर्भात शास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

यंत्र वापराने झिजते, ही सर्वमान्य समजूत आहे. परंतु ते न वापरल्यानेही बिघडते, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचू नये म्हणून मीठ पसरले जाते. त्यामुळे जुन्या स्पोर्ट्स कारचे अनेक मालक साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात आपली मोटार बंद ठेवतात. मात्र मोटार केवळ आत उभी करून दार लावून घेणे म्हणजे साठवण नव्हे. प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात निर्माण झालेल्या ‘एमजीबी’ या मोटारीचे उदाहरण घेऊन साठवणीमागील भौतिक व रासायनिक कारणांची मांडणी करण्यात आली आहे.

या विषयाला सुरक्षिततेचाही पैलू आहे. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या बहुतेक मोटारींना वार्षिक तपासणीची सक्ती राहिलेली नाही. परिणामी, साठवणीच्या काळात निर्माण झालेला दोष शोधण्याची जबाबदारी पूर्णतः मालकावर येऊन पडते.

१. आर्द्रता, मीठ आणि गंज

एमजीबीला स्वतंत्र सांगाडा नाही. तिचे पोलादी शरीर हाच तिचा सांगाडा होय. दारांखालील पोकळ पोलादी पेट्या मोटारीचा भार पेलतात. या पेट्या आतून गंजल्यास बाहेरचा रंग शाबूत दिसत असतानाही मोटारीचा कणा दुर्बल झालेला असतो.

लोखंड गंजण्यास प्राणवायू व ओलावा दोन्ही लागतात. मीठ या क्रियेला वेग देते, कारण मिठाचे द्रावण विजेचे चांगले वाहक असते. शिवाय सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतील बाष्प ओढून स्वतःच ओले होते. म्हणूनच अखेरच्या प्रवासानंतर मोटारीचा तळभाग व चाकांच्या कमानी धुऊन मोटार पूर्ण वाळवणे ही पहिली पायरी ठरते. ओली मोटार झाकून ठेवणे हे न धुण्याइतकेच घातक आहे.

याच कारणास्तव प्लॅस्टिकचे आच्छादन टाळावे. थंड रात्रीनंतर दिवसाची दमट व किंचित उबदार हवा गार पत्र्यास स्पर्श करते, तेव्हा त्यावर दव साचते. प्लॅस्टिकखाली ते अडकून राहते; हवा खेळू देणाऱ्या कापडाखाली ते सुकते. कापडी टप मात्र कोरडा करून वर चढवून ठेवावा. दुमडून ठेवल्यास त्यावर कायमच्या घड्या पडतात.

२. इंधन

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल ओलावा शोषून घेते. ओलावा विशिष्ट मर्यादेपलीकडे गेल्यास पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. हा थर टाकीचा पत्रा गंजवतो. जुन्या काळच्या रबरी नळ्याही इथेनॉलला तोंड देण्यासाठी बनविलेल्या नव्हत्या.

यावर उपाय तीन आहेत. कमी इथेनॉलचे पेट्रोल वापरावे. टाकी जवळजवळ भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेस जागा उरत नाही. आणि इंधन टिकविणारे द्रव्य मिसळून इंजिन काही मिनिटे चालवावे, जेणेकरून ते कार्बुरेटरपर्यंत पोहोचेल. भारतातही फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलची विक्री टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यामुळे कोकणातील पावसाळ्यात जुनी मोटार उभी ठेवणाऱ्यांनाही हे विवेचन लागू पडते.

३. ऑइल व शीतक द्रव

ज्वलनातून निर्माण झालेली आम्ले व ओलावा वापरलेल्या ऑइलमध्ये साचतात. ते ऑइल चार महिने बेअरिंगच्या पृष्ठभागावर राहू देण्यापेक्षा साठवणीपूर्वीच बदलणे श्रेयस्कर होय. शीतक द्रवात एथिलीन ग्लायकॉल व पाणी समप्रमाणात असल्यास तो सुमारे उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. केवळ पाणी असल्यास ते गोठताना प्रसरण पावते व इंजिनचा ओतीव लोखंडी ठोकळा तडकू शकतो.

४. बॅटरी

पूर्ण भारित बॅटरीतील आम्ल तीव्र थंडीतही गोठत नाही. परंतु उतरलेल्या बॅटरीतील आम्ल पातळ होऊन उणे १० अंशांच्या आसपास गोठू शकते. तसेच दीर्घकाळ उतरलेल्या स्थितीत पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमून बॅटरीची क्षमता कायमची घटते. म्हणून बॅटरी काढून स्वयंचलित चार्जरला जोडून ठेवावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘प्रथम ऋण टोक सोडवावे’ हा सर्वसाधारण नियम १९६७ पर्यंतच्या एमजीबीस लागू होत नाही, कारण त्या मोटारींमध्ये धन टोक शरीरास जोडलेले असते. खरा नियम असा की, शरीरास जोडलेले टोक, मग ते कोणतेही असो, प्रथम सोडवावे. अन्यथा दुसरे टोक सोडवताना पान्हा पत्र्यास लागल्यास मोठा विद्युतप्रवाह वाहून ठिणगी उडते. नियमामागील कारण न समजता नियम पाळणे कसे धोक्याचे ठरते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

५. ब्रेक व टायर

ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ओलावा शोषल्यावर त्याची मानक मर्यादा १५५ अंशांवर येते. हाच ओलावा सिलिंडर आतून गंजवतो. त्यामुळे हे ऑइल साधारणतः दोन वर्षांनी बदलावे. हँडब्रेक ओढून ठेवल्यास मागील चाकांचे ब्रेक ड्रमला चिकटून बसतात. त्याऐवजी चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. टायर एकाच जागी दबून चपटे होऊ नयेत म्हणून त्यांतील हवा थोडी वाढवावी व वसंतात ती पूर्ववत करावी.

६. एक रूढ गैरसमज

‘दर आठवड्याला इंजिन पाच मिनिटे चालवावे’ हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. हेतू चांगला असला तरी परिणाम उलट होतो. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे एक लिटर पाणी तयार होते. इंजिन पूर्ण तापले तर हे पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. अल्पकाळ चालविल्यास ते सायलेन्सरमध्ये व ऑइलमध्ये साचून राहते. त्यातच, सुरू करताना बॅटरीची खर्च झालेली शक्ती एवढ्या वेळात पुरेशी भरून निघत नाही. एकतर मोटार कोरड्या, मीठविरहित रस्त्यावर इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवावी, नाहीतर तिला अजिबात हात लावू नये.

समारोप

वरील सर्व उपायांचा मूळ शत्रू एकच आहे : ओलावा. पत्रा, इंधन, ऑइल व ब्रेक या चारही ठिकाणी तो वेगवेगळ्या रूपांत प्रवेश करतो. हे सूत्र ध्यानी आल्यास उपायांची यादी पाठ करावी लागत नाही. अखेरीस, काढलेल्या व बंद केलेल्या प्रत्येक भागाची नोंद कागदावर करून तो स्टिअरिंगला बांधावा. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडी कोंबलेला बोळा वसंतात विसरला जाऊ नये, एवढ्यासाठी तरी ही नोंद आवश्यक आहे. पहिल्या प्रवासापूर्वी ब्रेकची चाचणी मोकळ्या जागी मंद वेगात घ्यावी. ज्या मोटारीचे उत्पादन १९८० मध्येच थांबले, तिचे मूळ शरीर एकदा गंजून गेले की ते परत मिळत नाही. म्हणूनच योग्य साठवण हा औद्योगिक वारसा जपण्याचाच एक भाग मानला पाहिजे.