रिमोटचा ट्रक तिसऱ्या दिवशी का बसतो?

फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरला, की जिंतूर-सेलूपासून गंगाखेड-पालमपर्यंतची पोरे खेळण्यांच्या दुकानांपुढे अडून बसतात. पूर्वी भिरभिरे आणि पिपाणीवर भागत असे. आता रिमोटवर पळणारा ट्रक लागतो. खोक्यातून काढायचा, सेल घालायचे, की झाला चालू. बाप कापसाच्या पट्टीतले पैसे मोडतो, पोरगे दोन दिवस हवेत असते, आणि तिसऱ्या दिवशी ट्रक माळ्यावर जातो. ‘स्वस्तातला माल असाच’ म्हणून आपण मोकळे होतो. वर पोराला दोन धपाटे.

माळ्यावर गेलेला ट्रक मेलेला असतोच असे नाही. तुमच्या घरी पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप असेल. त्यात जे आहे तेच या ट्रकात आहे: बॅटरी, बटण, तारा आणि छोटी मोटर. बिनतारी भाग तेवढा जास्तीचा. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये बिनतारी लहरींवर चालणारी होडी लोकांना दाखवली, तीच युक्ती आज उरुसात टोपलीभर मिळते. पंप बिघडला तर आपण बॅटरीपासून नोझलपर्यंत क्रमाने पाहतो. ट्रकही तसाच पाहावा.

पहिली शंका सेलची. ‘दिवा लागतो, म्हणजे सेल चांगले’ असे पुष्कळ जण म्हणतात. ते खरे नाही. दिव्याला चिमूटभर वीज पुरते, मोटरला पसाभर लागते. व्होल्टेज पडले की विहिरीवरची मोटर नुसती गुणगुणते, पाणी उचलत नाही, त्यातलाच प्रकार. घड्याळाला चालणारे साधे स्वस्त सेल ट्रकाला पुरत नाहीत. अल्कलाईन सेल घ्यावेत. पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेल दीड व्होल्टऐवजी १.२ व्होल्टचे असतात. चार सेलांचे सहाऐवजी ४.८ व्होल्ट होतात. त्यामुळे ट्रक जरा संथ पळतो, पण ओढ टिकते आणि वर्षभराचा खर्च वाचतो. ट्रकासोबत आलेल्या कागदावर असे सेल चालतात का, तेवढे पाहून घ्या. जुना सेल नव्यांत मिसळू नका. थकलेल्या सेलवर बाकीच्यांचा भार पडतो आणि तोच आधी पाझरतो. एका आऊताला तगडा आणि मरतुकडा बैल जुंपल्यावर काय होते, ते तुम्हाला सांगायला नको.

सेलच्या कप्प्यात पांढरी पूड दिसली तर समजा, अल्कलाईन सेल पाझरला. ती पूड पोटॅशच्या क्षाराची असते. काडीला कापूस गुंडाळून लिंबाच्या रसाने पत्र्याच्या पट्ट्या पुसा, मग कोरड्या करा आणि पॉलिश पेपरने हलके घासा. स्प्रिंग दबली असेल तर थोडी ओढून घ्या. एवढ्यावर कितीतरी ट्रक पुन्हा पळू लागतात.

आता आपल्या काळ्या मातीचे. ही माती ओली झाली की फुगते, चिकटते आणि वाळली की दगड होते. औताला ती सोडत नाही, तर बोटाएवढ्या चाकाला काय सोडणार! चिखलात गेलेला ट्रक नळाखाली धरू नका. पाणी मोटरीत आणि पट्टीवर जाते, आणि चिखल पातळ होऊन आसाच्या बुशात घुसतो. सेल काढा, ट्रक सावलीत पुरता वाळू द्या आणि जुन्या दातांच्या ब्रशने माती झाडा. मग चाके फिरवून आसाकडे नीट पाहा. वेचणीच्या दिवसांत अंगणात कापूस पडलेला असतो. त्याचे तंतू, आयाबहिणींचे केस, सुतळीचे धागे आसाभोवती असे पिळून बसतात की चाक हलत नाही. ब्लेडच्या टोकाने धागा कापून चिमट्याने ओढून काढा. हे काम मोठ्यांनी करावे.

चाक अडले आणि पोराने बटण दाबूनच धरले, तर मोटर सर्वांत जास्त वीज खेचते. मोटर तापते, आतली पट्टी जळते. पोरांना एवढी एकच शिस्त लावा: ट्रक अडला की बोट काढायचे.

मोटर गर्र वाजते पण चाके फिरत नाहीत, किंवा ‘टक-टक’ आवाज येतो, तेव्हा मोटरीच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक पाहा. दुकानदार त्याला पिनियन म्हणतात. ते प्लॅस्टिकचे असून दांड्यावर घट्ट दाबून बसवलेले असते. ताणाने त्याला बारीक चीर जाते आणि दांडा आत नुसताच फिरतो. चिकटद्रव्याचा थेंब चार दिवस धरतो, आणि तो मोटरीत उतरला तर मोटरही जाते. नवे पिनियन काही रुपयांत मिळते. नेताना दात मोजा आणि भोक पाहा. या ट्रकांतील छोट्या मोटरींचा दांडा बहुधा २ मिलिमीटरचा असतो. वंगण म्हणून शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ धरते. सिलिकॉन ग्रीस थोडेसे, दातांपुरतेच लावावे. पेट्रोलने तर मुळीच धुऊ नका, प्लॅस्टिक तडकते.

ट्रक झटके देत चालतो, मध्येच थांबतो, पाटी हलवली की पळतो, अशा वेळी सुटलेली तार शोधा. मोटरीच्या पाठीवर १०४ आकडा लिहिलेली चपटी टिकली असते. तो कपॅसिटर. मोटरीतल्या ठिणग्यांचा गोंधळ तो गिळतो; त्याचा पाय तुटला की ट्रकाला रिमोटचे ऐकू येत नाही. गावातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे न्या, कथलाचा एक डाग दिला की काम होते. ट्रकातली बारीक तार ही एरियल असते; ‘लोंबते’ म्हणून कापू नका. २७ मेगाहर्ट्झचे दोन ट्रक शेजारी पळवले तर एकमेकांत गोंधळ होतो. २.४ गिगाहर्ट्झचे तसे भांडत नाहीत, पण त्यांची लहर पाण्यात जिरते. म्हणून ओल्या उसाच्या फडाआड गेलेला ट्रक रिमोट मानत नाही. तो बिघाड नव्हे.

स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा. ‘टक’ असे वाजून तो जुन्या आट्यांत पडतो, मग सुलटा पिळा. जोर करून पिळला तर प्लॅस्टिकचे आटे जातात.

एका बाबतीत मात्र हयगय नको. महाग ट्रकांत लिथियमचा सेल येतो. तो फुगला, दबला किंवा त्याला गोड-उग्र वास आला, तर तो पुन्हा चार्ज करू नका, टोचू नका, चुलीत टाकू नका. घराबाहेर वाळूच्या घमेल्यात ठेवा आणि जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे द्या. चार्जिंग फरशीवर करावे, अंथरुणावर नाही, आणि रात्री लावून झोपू नये. एका ट्रकाचा चार्जर दुसऱ्याला पिन बसते म्हणून लावू नका. निकेलचा चार्जर लिथियमला लावला तर आग लागू शकते. काही रिमोटांत बटणाएवढे गोल सेल असतात. रांगत्या पोराने ते गिळले तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तेव्हा ओकारी काढण्यात वेळ घालवू नका, तडक मोठा दवाखाना गाठा.

नवा ट्रक घेताना आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचे आहे. सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का, तेही बघा. दोन ट्रकांपैकी एक दिव्यांनी लखलखणारा पण चिकटवून बंद केलेला आणि दुसरा साधा पण स्क्रूंनी उघडणारा असेल, तर मी दुसरा घेईन. आणि दुरुस्तीला बसाल तेव्हा पोराला शेजारी घ्या, पेचकस त्याच्या हातात द्या. मुलगी असेल तर तिच्याही. पुढे फवारणी पंप अडला तर तेच हात कामाला येतात.

मृगाच्या आधी ट्रक माळ्यावर ठेवायचा झाला तर सेल काढून वेगळे ठेवा. लिथियमचा सेल अर्धा भरलेला ठेवावा आणि तीन महिन्यांनी एकदा पाहावा. पत्र्याच्या छपराखाली मात्र ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात तिथली उष्णता सेलला सोसत नाही.