पाकिटावरची शेवटची ओळ

राखीच्या आधी वणीत टपालाच्या खिडकीवर परदेशी जाणारी पाकिटं येऊ लागली की मी आधी तळाची ओळ बघायचो. देशाचं नाव बहुतेकदा कुठेतरी मध्येच दडलेलं, कधी नसायचंच. एका मावशींनी जर्मनीतल्या भावाचा पत्ता आपल्या रीतीने लिहून आणला होता, मु. पो. पासून. त्याखाली, अगदी तळाला, स्वतःचा पत्ता पिनकोडसकट.

"बरोबर हाये ना जी भाऊ?"

छाननीची यंत्रं पत्ता खालून वर वाचतात. तळाशी ४४५३०४ दिसलं की पाकीट वणीचंच समजलं जातं. असं एक पाकीट मुलखाला वळसा घालून पाठवणाऱ्याच्याच दारात आलेलं मी पाहिलं आहे. मावशींसाठी नवं पाकीट घेतलं. पाठवणाऱ्याचा पत्ता डावीकडे वरच्या कोपऱ्यात. मधोमध भावाचं नाव, खाली रस्ता आणि मग घर क्रमांक. जर्मनीत हाच क्रम. पुढच्या ओळीत पाच आकडी कोड, त्याला लागून शहर. तळाला रोमन मोठ्या अक्षरांत देश, बाकी काही नाही.

तळाची ती ओळ आपल्याकडच्या छाननीवाल्यासाठी असते, वरचा सगळा पत्ता तिकडच्या पोस्टमनसाठी. म्हणून जपानचा पत्ता जपानी लिपीत असला तरी चालतो, पण शहर आणि देश रोमन लिपीतही हवेत. शिवाय राखी ही वस्तू, म्हणून सीएन २२चं सीमाशुल्क लेबल लागतं. त्यावर नुसतं 'भेट' लिहून भागत नाही. धाग्याची राखी, वजन, किंमत, सगळं लिहावं लागतं.

तिकडून येणाऱ्या टपालाचा घोळ वेगळाच. वणी दोन: आपली यवतमाळ जिल्ह्यातली, आणि दुसरी नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातली. यावरचा तोडगा एका मराठी माणसानेच देऊन ठेवला आहे. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. ४४५ म्हटलं की यवतमाळकडचं, ४२२ म्हटलं की नाशिककडचं. वणी नाव कितीही सारखं असो, आकडे फसवत नाहीत.

तेव्हा परदेशातल्या पोरांना आपला पत्ता कळवताना 'जि. यवतमाळ' आणि ४४५३०४ दोन्ही लिहा, 'इंडिया' सगळ्यात खाली. देवळामागे, गिरणीसमोर या खुणाही वरच्या ओळीत राहू द्या, कारण आपला पोस्टमन त्यांवरूनच घर गाठतो. आणि मोबाईल नंबर विसरू नका.